कापसातून गाळलेली कॉफी

न्हाणीघरातल्या फळीवरची खोबरेल तेलाची बाटली परवा सकाळी थिजलेली दिसली. यवतमाळात थंडी आल्याची माझ्या घरातली ही खरी वर्दी. स्वेटर, कानटोप्या, गल्लीतल्या शेकोट्या या गोष्टी लोक हौसेनेही बाहेर काढतात. तेलाला हौस नसते. बाटली अंगणातल्या उन्हात ठेवली आणि स्वयंपाकघरात स्टुलावर चढून सगळ्यात वरच्या कप्प्यातलं सामान खाली काढलं. कॉफीचा डबा, हाताने फिरवायची छोटी दळणी, स्टीलचा शंकूसारखा फिल्टर आणि टवके उडालेले दोन पत्र्याचे मग. तिसरा मग मागे दिसत होता. तो तसाच राहू दिला.

सामानावर स्वयंपाकघराचा तेलकट थर चढला होता. ओल्या फडक्याने पुसत बसलो. बायकोने पाहिलं.

"गजाननभाऊंचा फोन आला का?"

"नाही."

"मग काहून पुसून राहिले?"

मी दळणीचं झाकण उघडून आत फुंकर मारली. जुन्या कॉफीचा भुगा उडून चष्म्यावर बसला. फोन येईल की नाही हे मला खरंच ठाऊक नव्हतं, आणि त्याची मला काळजी वाटत होती, हेही सांगून टाकतो. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने मित्राच्या फोनची वाट पाहत फिल्टर घासत बसणं काही शोभून दिसत नाही. पण बसलो होतो खरा.

कॉफीचं वेड मला लागलं केळापूरच्या बाजूला. वडील सरकारी नोकरीत होते आणि त्यांची तिकडे बदली झाली होती. नागपूरहून हैदराबादला जाणारा मोठा रस्ता तिथून जातो. त्या रस्त्यावर दक्षिणेकडच्या ट्रकवाल्यांसाठी एक हॉटेल होतं. आमच्या घरात कॉफी म्हणजे पाहुणे आले की दुधात भरपूर साखर, जायफळ आणि चवीपुरती पावडर. ती पिऊन पाहुणे हमखास पेंगायचे. हॉटेलातली कॉफी वेगळीच होती. पितळी भांड्यात थेंब थेंब उतरलेला काळा अर्क, वर उकळतं दूध, आणि मालक ते हात उंच करून पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात ओतायचा. एक थेंब बाहेर जात नसे. वडील पेपर वाचायचे, मी त्याचे हात बघायचो. तो वास नाकात बसला तो बसलाच. पुढे मी रसायनशास्त्र शिकलो, यवतमाळला कॉलेजात शिकवायला लागलो, तेव्हा कुठे कळलं की आपण लहानपणापासून एका गाळणक्रियेच्या प्रेमात आहोत.

गजानन माझा शाळेपासूनचा मित्र. दिग्रसच्या पुढे अरुणावतीच्या काठाला त्याचं वावर आहे. कापूस, मधे तुरीच्या ओळी, एका तुकड्यात सोयाबीन. त्याच्या वावराला लागून त्याच्या मोठ्या भावाचं, नानाचं वावर. मधे फक्त धुरा, म्हणजे बांध. त्यावर बोरीची झुडपं आणि एक वाकडा बाभूळ. आम्ही तिघं दर हिवाळ्यात पाठीवर पिशव्या टाकून नदीच्या काठाकाठाने चालायचो. जिथे दिवस मावळेल तिथे ओळखीच्या, नाहीतर नव्याने ओळख काढलेल्या माणसाच्या वावरात मुक्काम. याला ट्रेकिंग म्हणतात हे आम्हाला फार उशिरा समजलं. नाना त्याला नुसतं "भटकनं" म्हणायचा.

आमच्या भागात कामाशिवाय चालणारा माणूस लोकांना बघवत नाही. वाटेत भेटेल तो विचारायचा, "कोनाच्या घरी चालले?" कोणाच्याच नाही म्हटलं की तो चेहरा पाडून विचारायचा, "गाडी बंद पडली का?" एकदा एका भल्या माणसाने आम्हाला जबरदस्तीने ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवून, जिथून सकाळी निघालो होतो त्याच गावात आणून सोडलं होतं. नानाने त्याचे मनापासून आभार मानले आणि आम्ही पुन्हा पहिल्यापासून चालायला लागलो.

मुक्कामाच्या जागी चहा नानाचा. तीन दगड, पऱ्हाटीचा जाळ आणि काळं ठिक्कर पडलेलं पातेलं. पऱ्हाटी म्हणजे कापसाची वाळकी झाडं; भसकन पेटतात आणि तितक्याच लवकर विझतात. नाना एका हाताने काड्या सारत राहायचा आणि दुसऱ्या हाताने साखर टाकत राहायचा. साखर किती टाकली याचा हिशेब त्याने आयुष्यात ठेवला नाही. दूध जवळच्या गोठ्यातलं, नाहीतर शेळीचं, नाहीतर नाहीच. चहा तीनदा वर येऊन तीनदा खाली गेल्याशिवाय त्याला तो चहा वाटत नसे. मी बाजूला बसून माझी कॉफी गाळायचो. ती दोघांनीही कधी चाखली नाही.

"मास्तर, तुह्या प्रयोगशाळेतलं पानी तूच पे," नाना म्हणायचा. "आमाले परीक्षा द्याची नाही."

उघड्यावर कॉफी करणं तसं अवघड नाही. लोक उगाच बाऊ करतात. दाणे आदल्या दिवशी दळून नेले की अर्धा वास घरीच राहतो. म्हणून दळणी पिशवीत असावी आणि जागेवरच दळावं. पाणी उकळलं की लगेच ओतायचं नाही. खाली उतरवून त्याला जरा दम घेऊ द्यायचा, भांड्यातला खळखळाट थांबला की मग घ्यायचं. आधी थोडंच पाणी घालून भुगा भिजवायचा. तो फुगतो, वर बुडबुडे येतात, तेवढं थांबायचं. मग बारीक धार, मधून बाहेर, घाई न करता. जाळ पऱ्हाटीचा नको, बाभळीचे निखारे हवेत. वारा असेल तर आडोसा. नेरची माझी बहीण चिखलदऱ्याला गेली की तिथली कॉफी आणते. आपल्या विदर्भाच्या डोंगरात पिकलेली म्हणून मला तिचं जरा जास्तच कौतुक आहे. हे सगळं मी बाकीच्या दोघांना कितीदा तरी समजावून सांगितलं होतं. दोघंही अगदी लक्ष देऊन ऐकायचे आणि चहा प्यायचे.

गेल्या वर्षी पोळ्याच्या आधी नाना गेला. डवरणी, म्हणजे बैलांची कोळपणी, चालू होती. धुऱ्याच्या अलीकडे गजानन आपल्या वावरात निंदणाच्या बायांबरोबर होता. त्याला पलीकडे नानाचे बैल तासात उभे दिसले. नाना तंबाखू मळत असेल, असं त्याला वाटलं. थोड्या वेळाने पुन्हा पाहिलं तरी बैल तिथेच उभे. तेव्हा तो धुरा ओलांडून पळत गेला. डवऱ्याच्या मागे, कपाशीच्या दोन ओळींच्या मधे नाना पडला होता. बैल एक पाऊल पुढे सरकले नव्हते. दिग्रसच्या दवाखान्यात नेलं, पण ते नेण्यापुरतंच. त्या वर्षी त्या घरचे बैल पोळ्यात गेले नाहीत.

त्या दिवशी शेजारच्यांनी किटलीतून कोरा चहा आणला होता. मयताच्या घरी चूल पेटत नाही आणि आलेल्या माणसांना दुधाचा चहा देत नाहीत. आमच्याकडची ही रीतच आहे. गजाननने तो चहा घेतला. त्यानंतर दहाव्याला, नदीवर, सगळ्यांसमोर त्याने सांगितलं, "वर्षभर चहा सोडला." गेलेल्या माणसाच्या नावाने त्याच्या आवडीची एखादी वस्तू सोडायची, हीही रीत. कोणी गोड सोडतं, कोणी पान. नानाच्या नावाने सोडायला चहाशिवाय दुसरं काय होतं? सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

मग हिवाळा आला आणि गजाननच्या बायकोचा, रेखावहिनींचा फोन आला.

"भाऊजी, तुमी या एखांदी चक्कर. थे बोलतच नाही कोनाशी. नानाजीचं नाव काढलं का उठून जाते."

"कामाला जातो ना?"

"आपल्या वावरातला कापूस वेचून घरात आला. पन धुऱ्याच्या तिकडे पाय ठेवत नाही. मोठ्या बाईचा कापूस फुटून लोंबून राह्यला. बाया लावा म्हनलं तं आयकून न आयकल्यासारखं करते. मोठ्या बाई बी काही म्हनत नाही. कोनी काहीच म्हनत नाही, भाऊजी."

मोठ्या बाई म्हणजे नानाची बायको. मी त्यांना मोठ्या वहिनी म्हणतो. त्यांनी स्वतः बाया लावल्या असत्या तर कापूस घरी आला असता, पण गावात त्याचा अर्थ दिराने हात वर केले असा झाला असता. म्हणून त्या थांबल्या होत्या. दव पडत होतं, कापूस बोंडांतून उतरत होता, आणि घरातली सगळी माणसं एकमेकांना जपत गप्प बसली होती.

मी तंबू आणि कॉफीचं सामान घेऊन गेलो. कॉफी घेऊन जाण्यामागे काही मोठा विचार होता असं नाही. चहा नाही तर नाही, बसायला काहीतरी निमित्त पाहिजे. दोन पुरुष वावरात काहीच न पिता, काहीच न करता समोरासमोर बसू शकत नाहीत. बसले तर एकाने तरी काहीतरी बोलावं लागतं. तंबू पाहून गजानन इतकंच म्हणाला, "आनलं का तुहं पाल." आणि खुंट्या ठोकायला लागला.

सकाळी मी कॉफी केली. मला विचाराल तर फार चांगली झाली होती. वास नदीपर्यंत गेला असावा. भरलेला मग त्याच्या हातात दिला. त्याने आत पाहिलं.

"कोरीच?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. तो काळा रंग, ती वाफ, हातातला मग. त्याने शेवटचं काही काळं प्यायलं होतं ते भावाच्या अंगणात बसून. त्याने तो मग खाली ठेवला, कॉफी गार होऊ दिली, आणि मी बघत नाही असं वाटून ती बोरीच्या बुडाशी ओतली. मी बघत होतो.

पुढच्या खेपेला मी दुधाची पावडर नेली. ती गरम पाण्यात विरघळवताना माझ्यासारख्या माणसाकडून गुठळ्या व्हायला नको होत्या, पण झाल्या. गजाननने घोट घेतला, चावल्यासारखं केलं आणि म्हणाला, "खडू घोळून आनला का बे?" महिनोन्‌महिने ज्या माणसाच्या तोंडून "हाव" आणि "नाही" एवढंच ऐकलं होतं, त्याने माझी टिंगल केली. मला इतकं बरं वाटलं की मी तो खडू पूर्ण प्यायलो.

त्यानंतर त्याने स्वतःच पातेलं हातात घेतलं. मी दळलेली सगळी कॉफी त्याने पाण्यात टाकली, गुळाचा खडा टाकला, सुंठ ठेचून टाकली, आणि नानासारखीच तीनदा वर आणून तीनदा खाली नेली. चिखलदऱ्याच्या त्या दाण्यांचे असे हाल बघणं मला जड गेलं, पण हातावर हात ठेवून बसलो. पिऊन पाहिलं तर काढा झाला होता. तो मात्र सगळा प्यायला. खोकला झालेला माणूस औषध घेतो तसा, तोंड वाकडं करून. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल. तो उठला आणि पातेलं घासायला नदीवर गेला.

असा तो हिवाळा चालला होता. शनिवारी दुपारची दिग्रस गाडी, पिशवीत दळणी, खिडकीतून दोन्ही बाजूंना पांढरी वावरं. जिनिंगच्या बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, हवेत उडणारी रुई, नाकाला बांधलेले दुपट्टे. नदीकाठी पहाटे इतकं धुकं असायचं की तंबूतून बाहेर आलं की आधी आवाज ओळखू यायचा, मग माणूस. तुरीच्या शेंगा निखाऱ्यावर भाजायचो. गजानन कामाचं बोलायचा, पावसाचं बोलायचा, माझ्या कॉलेजातल्या पोरांचं विचारायचा. धुऱ्याकडे पाठ करून बसायचा. मी त्याच्या समोर बसायचो, म्हणून पलीकडचं सगळं मलाच दिसायचं. फुटून फुटून खाली लोंबलेला कापूस, काही जमिनीवर पडलेला, मातीने पिवळा झालेला. दर आठवड्याला थोडा जास्त. मला राग यायचा. त्याचा नाही, सगळ्या प्रकाराचा. मोठ्या वहिनींच्या वर्षभराच्या पिकाची माती होत होती आणि मी तिथे बसून पाण्याला दम देत होतो.

मग ती सकाळ. निखारे छान झाले होते, पाणी उकळत आलं होतं, दाणे दळून झाले होते. फिल्टरसाठी पिशवीत हात घातला तर फिल्टर नाही. घरी ओट्यावर पालथा घालून ठेवला होता, तिथेच राहिला. मी पिशवी उलटी केली, झटकली.

"काय झालं?"

"गाळणं घरीच राहिलं."

"मंग?"

मला फिल्टरच्या कागदाची आठवण झाली. कागद म्हणजे काय, लाकडाचा लगदा. सेल्युलोज. आणि कापूसही सेल्युलोजच. दरवर्षी पोरांना शिकवतो. दवाखान्यातला कापूस पाणी कसं झटकन शोषतो! आपण बसलो आहोत कापसाच्या जिल्ह्यात, आणि गाळायला काही नाही म्हणून रडतो आहोत. मी हे गजाननला सांगितलं. त्यालाही पटलं. शेतकऱ्याला आणि मास्तराला एकाच वेळी पटलेली ती बहुधा पहिलीच गोष्ट असावी.

"कापूस पाह्यजे ना? थांब," तो म्हणाला. "तू पानी गार होऊ देऊ नको."

तो उठून गेला आणि मूठभर कापूस घेऊन आला. मी त्यातली दिसेल ती सरकी काढून टाकली, पातेल्याबरोबरच्या, मोठ्या भोकांच्या चहाच्या गाळणीत कापसाची जाड गादी केली, वर कॉफीचा भुगा पसरला आणि गाळणी मगवर धरली. गजानन उकिडवा बसून बघत होता. मी बारीक धार धरली, मधून बाहेर, घाई न करता.

पाणी वरच थांबलं. अळूच्या पानावर थांबतं तसं. भुगा त्यावर तरंगायला लागला. खाली मगात एक थेंब नाही.

"मास्तर, तुही कॉफी वरतच बसून राह्यली."

"भिजेल जरा वेळाने."

"कधी? संक्रांतीले?"

तेव्हा मला आठवलं. झाडावरच्या कापसाला मेणाचा थर असतो. पाऊस पडला तर आतली सरकी भिजू नये म्हणून झाडाने केलेली सोय. दवाखान्यातला कापूस खारात उकळून ते मेण काढलेलं असतं, म्हणून तो पाणी पितो. हेही मी दरवर्षी शिकवतो. त्याच धड्यात, पुढच्याच पानावर. मी हे बोलून दाखवणार तेवढ्यात गजाननने एक काडी उचलली आणि कापसाच्या गादीला मधोमध टोचलं. गादी एका बाजूने उचलली गेली, कॉफी, भुगा, कापूस सगळं एकदम गाळणीवरून घसरलं आणि मगात कोसळलं. माझ्या नजरेतून सुटलेल्या सरक्या वर येऊन तरंगायला लागल्या.

गजानन आधी नुसता खांद्याने हलला. मग तोंडावर दुपट्टा धरला. मग दुपट्टा सुटला आणि तो मागे, धुऱ्याच्या गवतावर आडवा होऊन हसायला लागला. डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबेना.

"नानानं पाह्यलं असतं तं," तो धापा टाकत म्हणाला, "वर्षभर गावात सांगत फिरला असता. मास्तरनं सरकीची कॉफी पाजली म्हून..."

आणि थांबला. ते नाव त्या वावरात आमच्या दोघांच्या मधे पडलं होतं, पोळ्यापासून पहिल्यांदा.

तो उठून बसला. त्याची नजर मगाकडे गेली, मगातल्या कापसाकडे. मग आपल्या वावराकडे. त्याच्या वावरात कापूस नव्हताच, कधीच वेचून झाला होता, पऱ्हाट्या नुसत्या उभ्या होत्या. सकाळचं दव अजून गवतावर होतं, आणि त्या दवातून त्याच्या पावलांची एक गर्द रेघ धुरा चढून पलीकडे नानाच्या वावरात गेली होती आणि परत आली होती. पाणी गार होऊ नये म्हणून तो न बघता जाऊन आला होता.

तो त्या रेघेकडे बराच वेळ पाहत राहिला. मग चप्पल काढून ठेवली आणि त्याच पावलांवरून पुन्हा गेला. या वेळी हळू. ओळींमधून आत, मधोमध, जिथे बैल उभे राहिले होते तिथवर. मी गेलो नाही. ती जागा त्यांची होती. धुक्यात त्याचं डोकं आणि खांदे तेवढे दिसत होते. एकदा तो खाली बसला तेव्हा तेही दिसेनासे झाले. मी मगातली कॉफी रुमालातून गाळून घेतली आणि प्यायलो, कारण हातांना काहीतरी करायला पाहिजे होतं. चव कशी होती ते आठवत नाही.

परत आला तेव्हा त्याने खांद्यावरच्या दुपट्ट्याची झोळी केली होती आणि ती कापसाने भरली होती.

"दव खाऊन राह्यला कापूस," तो म्हणाला. "पिवळा पडन. उद्या बाया लावतो."

बाया आल्या. त्यांच्याबरोबर मोठ्या वहिनीही कमरेला कापूस वेचायची ओटी बांधून आल्या. मी त्या दिवशी रजा टाकली होती. दुपारी त्या बाभळीखाली आमच्याजवळ येऊन बसल्या.

"काय पेऊन राह्यले तुमी दोघं?"

"कॉफी हाये, वहिनी," गजानन म्हणाला. "कोरी हाये."

"द्या."

त्याने आपला मग त्यांच्या हातात दिला. त्यांनी दोन घोट घेतले, आपल्या वावराकडे पाहिलं, अजून एक घेतला. "कडू हाये," म्हणाल्या. "पन गरम हाये." आणि सगळी संपवून पुन्हा वेचायला गेल्या. त्यानंतर गजाननही कोरीच प्यायला लागला. मला त्याबद्दल एक अक्षर बोलावं लागलं नाही.

यंदा पोळ्याच्या आधी वर्षश्राद्ध झालं. मी गेलो होतो. पंगती उठल्यावर मोठ्या वहिनी चहाचा कप घेऊन बाहेर आल्या आणि गजाननसमोर उभ्या राहिल्या. "घ्या आता. झालं वर्ष." ओसरीवरची माणसं वळून बघायला लागली. त्याने कप घेतला, एका दमात प्यायला, मिशा पुसल्या आणि म्हणाला, "साखर कमी हाये." कोणी हसलं, कोणी डोळे पुसले. रेखावहिनी दोन्ही करत होत्या. काही दिवसांनी त्या घरचे बैल झुली घालून तोरणाखाली उभे राहिले.

मला आनंद झाला. आणि थोडं वाईटही वाटलं, ते का लपवू? यवतमाळच्या गाडीत खिडकीशी बसून मी हिशेब केला की माझी कॉफी ही एका नेमातली फट होती. चहा सोडला होता म्हणून ती आत आली. आता चहा परत आला. गजानन बोलायला लागला, कापूस घरी आला, माझं तिथलं काम झालं. डॉक्टरला बरा झालेला माणूस पुन्हा भेटायला येत नाही आणि येऊही नये. असं मी स्वतःला समजावलं. समजूत पटली नाही. पावसाळाभर त्याचे फोन आले, पण ते सोयाबीनचे, पोराच्या ॲडमिशनचे. नदीकाठाचं नाव त्यानेही काढलं नाही, मीही काढलं नाही.

म्हणून परवा फिल्टर पुसून झाल्यावरही मी तो तसाच हातात धरून बसलो होतो. दुपारी फोन वाजला.

"मास्तर, थंडी पडून राह्यली. येतो का नाही?"

"येतो की. पन तुहा तं चहा सुरू झाला आता." त्याच्याशी बोलताना माझीही जीभ तिकडे वळते.

"चहा घरी पेतो ना. वावरात कायले?" मागे बायांचा आवाज येत होता. "अन हे पाय, सोमवारपासून नानाच्या वावरात वेचाले बाया लावल्या. त्याच्या आत येजो. मंग माले टाइम नाही."

"बरं. डबा भरला आहे. फिल्टर या वेळी आठवणीनं घेतो, आत्ताच घासून ठेवला."

"फिल्टर कायले आनतो बे?" तो म्हणाला. "कापूस हाये ना इथं." आणि फोनवर हसायला लागला. मी हसून घेतलं. फोन ठेवता ठेवता त्याला आठवलं.

"अन पत्र्याचे मग तीन आनजो. वहिनी म्हने, मास्तर आले का मले बी सांगजा."

मी पुन्हा स्टुलावर चढलो. तिसरा मग कप्प्यात अगदी मागे, भिंतीला टेकून होता. नानाचा. त्याचा कान एका मुक्कामात दगडावर आपटून तुटला होता, आणि तेव्हापासून नाना तो दुपट्ट्यात गुंडाळून धरायचा. तळाशी चहाचा तपकिरी डाग तसाच होता. राखेने घासला, तरी पुरता गेला नाही. पुसून पिशवीत टाकला. फिल्टर मात्र परत वरच्या कप्प्यात ठेवून दिला.